सुरतेचे माग, बर्मिंगहॅमचे कारखाने आणि हेवी मेटलची कसोटी

२० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये फ्रेडी मर्क्युरी या गायकाच्या स्मरणार्थ मोठी मैफल झाली. त्याच्या निधनाला तेव्हा जेमतेम पाच महिने होत होते. त्याच्या 'क्वीन' या बँडचे १९७४ मधील 'स्टोन कोल्ड क्रेझी' हे गीत सुरू झाले, तेव्हा गाण्यासाठी पुढे आला 'मेटॅलिका'चा जेम्स हेटफील्ड आणि क्वीनच्या वादकांसोबत गिटार घेऊन उभा राहिला 'ब्लॅक सॅबथ'चा टोनी आयोमी. हेवी मेटलचा पाया घालणारा वादक, त्या संगीताच्या सीमेवर वावरलेला बँड आणि त्याला जगभर पोहोचवणारा गायक असे तिघे त्या दिवशी एकाच मंचावर होते.

ज्याचे स्मरण चालले होते, त्याचे मूळ नाव फारोख बलसारा. हे आडनाव बलसार, म्हणजे आजच्या वलसाड गावावरून आलेले. वलसाडचा स्वतंत्र जिल्हा १९६४ मध्ये झाला. तोवर ते गाव सुरत जिल्ह्यातच मोडत असे. फारोखचा जन्म झांझिबारचा, शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आणि तेथेच 'हेक्टिक्स' नावाच्या शालेय बँडमध्ये त्याने पियानो वाजवला. 'स्टोन कोल्ड क्रेझी' हे त्याच्या बँडचे गीत मेटॅलिकाने १९९० मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि त्यासाठी त्यांना मेटल सादरीकरणाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

त्या मंचावरील दृश्याने एक जुना वाद नेमका समोर ठेवला. या परंपरेतील सर्वांत थोर अल्बम कोणता? सॅबथचा, ज्यांनी सुरुवात केली, की मेटॅलिकाचा, ज्यांनी ती सुरुवात पूर्णत्वाला नेली? हेवी मेटलचे चाहते या प्रश्नावर चाळीस वर्षे भांडत आले आहेत. बहुतेक वेळा हे भांडण निष्फळ ठरते, कारण प्रत्येकाच्या हातातील मापपट्टी वेगळी असते. गोव्यात कला अकादमीच्या भजनी स्पर्धेचा निकाल लागल्यावर जे घडते, तेच येथेही घडते. एकाला स्वर महत्त्वाचा वाटतो, दुसऱ्याला ताल, तिसऱ्याला शब्दोच्चार. आणि निकष आधी ठरले नसतील, तर निकालाला केवळ आवडीनिवडीचे मोल उरते. म्हणून आधी निकष ठरवणे आणि मग अल्बम पारखणे, हाच योग्य क्रम होय.

गोंगाटाच्या गावांतून आलेले संगीत

निकषांकडे वळण्यापूर्वी हे संगीत कोठून आले, ते पाहावे लागते. आणि त्यासाठी सुरत हे शहर विलक्षण उपयोगी ठरते. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांतून जाताना यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस कानी पडतो. या मागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले कामगार आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत, तसेच खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबेही आहेत. तापीच्या मुखाशी हजिरा येथे पोलादाचा अवाढव्य कारखाना आहे. आपल्याकडे कारखान्यांतील आवाजासाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. यंत्रमागांच्या शेडमधील आवाज अनेकदा ती मर्यादा ओलांडतो आणि पाळी तर बारा तासांची असते.

साठच्या दशकातील बर्मिंगहॅम हे असेच शहर होते. ब्लॅक सॅबथचे चौघेही तेथील ॲस्टन या कामगार वस्तीतले. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या व अनामिका या बोटांची टोके यंत्राखाली तुटली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका हाच. गिटार आता संपली, असे वैद्यांनी सांगितले. तेव्हा त्याच्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची तबकडी ऐकवली. आगीत भाजल्यामुळे दोन बोटे निकामी झालेली असतानाही राइनहार्ट जगप्रसिद्ध झाला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटारचा स्वरच खाली उतरवला, जेणेकरून तारा सैल होऊन बोटांना त्रास कमी व्हावा. स्वर उतरल्याने आवाज जड झाला. आज ज्याला 'हेवी' म्हणतात, त्या वजनाचा एक मोठा भाग एका कामगाराच्या जखमी हातातून आला आहे.

मात्र केवळ गोंगाटातून संगीत जन्मत नाही, हेही सुरतेकडे पाहूनच कळते. तितकाच आवाज असूनही सुरतेच्या माग-वस्त्यांत मेटलचे बँड उभे राहिले नाहीत. बर्मिंगहॅमच्या तरुणाला हप्त्याने का होईना विजेची गिटार घेता येत होती, सरावाला जागा मिळत होती आणि संध्याकाळी वाजवायला पब होते. बारा तासांची पाळी करून गावी पैसे पाठवणाऱ्या सुरतेच्या स्थलांतरित कामगाराला यांतले काहीच सहजासहजी उपलब्ध नव्हते. त्याच्या करमणुकीला गावाकडची गाणी होती, खानदेशी माणसाला अहिराणी गीते होती. म्हणून अल्बम पारखताना पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की समोर असलेल्या अडचणीतून आणि तुटपुंज्या साधनांतून या कलावंतांनी काय घडवले. या प्रश्नातूनच पुढील चार निकष निघतात.

पहिला निकष : नवेपण

फेब्रुवारी १९७० मध्ये प्रकाशित झालेला 'ब्लॅक सॅबथ' हा त्या बँडचा पहिला अल्बम जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. त्याच्या शीर्षकगीतातील मुख्य रिफ तीन स्वरांचा आहे. रिफ म्हणजे पुन्हापुन्हा वाजवला जाणारा छोटा स्वरबंध. तबल्याच्या एकलवादनात लेहरा जसा सतत चालू राहतो, तसे त्याचे काम. या रिफमध्ये खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम एवढेच आहे. षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील अंतर युरोपीय संगीतात दीर्घकाळ कर्कश मानले गेले. आपल्या कानांना तोच तीव्र मध्यम यमनमध्ये प्रसन्न वाटतो, कारण तेथे तो पंचमाकडे जाऊन विसावतो. सॅबथने त्याला विसावू दिले नाही. स्वर तोच ठेवून त्यावरच थांबणे, ही त्यांची युक्ती. भीती निर्माण करण्यासाठी वेग किंवा आरडाओरडा लागत नाही, हे त्या तीन स्वरांनी दाखवून दिले.

त्याच वर्षी आलेला 'पॅरानॉइड' अधिक लोकप्रिय ठरला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. गंमत अशी, की त्याचे शीर्षकगीत अल्बममधील रिकामी जागा भरण्यासाठी शेवटी घाईघाईने रचलेले होते. गीतांची तुलना केली तर 'पॅरानॉइड' सरस ठरतो. पण नवेपणाच्या निकषावर पहिला अल्बम आणि १९७१ चा 'मास्टर ऑफ रिॲलिटी' हे दोन पुढे जातात. या तिसऱ्या अल्बममध्ये आयोमीने काही गीतांसाठी गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली आणि पुढील पन्नास वर्षांच्या जड संगीताची पट्टी तेथे ठरली.

दुसरा निकष : अखंडता

सुरतेच्या रिंगरोडवरील कापडबाजारात मुरलेला व्यापारी नमुन्याच्या तुकड्यावर विसंबत नाही. तो ताका उलगडतो, कारण वीण कोठे विरळ झाली आहे, धागा कोठे तुटला आहे, हे मधल्या वारांत दिसते. अल्बमचेही तसेच आहे. एखादे गाजलेले गीत हा नमुना होय. अल्बमची पारख मधल्या, कमी ऐकल्या जाणाऱ्या गीतांवर होते.

आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' (१९८२) या निकषावर किंचित कमी पडतो. ब्रूस डिकिन्सनचा हा बँडसोबतचा पहिला अल्बम. त्याच्या आवाजाची झेप आणि शेवटचे 'हॅलोड बी दाय नेम' ही मेटलमधील उत्तुंग स्थाने आहेत. तथापि 'गँगलँड' हे गीत घेणे चूक होती, त्याऐवजी दुसरे घ्यायला हवे होते, असे खुद्द बँडचा सूत्रधार स्टीव्ह हॅरिस पुढे बोलून दाखवीत असे. त्यांचाच १९८४ चा 'पॉवरस्लेव्ह' कोलरिजच्या दीर्घकाव्यावर आधारित तेरा मिनिटांहून अधिक लांबीच्या गीताने संपतो आणि महत्त्वाकांक्षेत पहिल्यापेक्षा वरचढ ठरतो.

अखंडतेची खरी झुंज मात्र १९८६ मधील आहे. मार्चमध्ये मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आला आणि ऑक्टोबरमध्ये स्लेयरचा 'रेन इन ब्लड'. पहिल्यात सुमारे ५५ मिनिटांत आठ रचना, दुसऱ्यात सुमारे २९ मिनिटांत दहा. निर्माता रिक रुबिनच्या देखरेखीखाली स्लेयरने जे अनावश्यक ते सारे कापून टाकले. अल्बम इतका आटोपशीर, की कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तो संपूर्ण मावला. त्यात एकही सैल धागा नाही. पण त्याचा रंगही एकच आहे; वेग, क्रौर्य आणि मृत्यू यांपलीकडे तो जात नाही. त्यातील पहिले गीत नाझी छळछावणीतील डॉक्टर मेंगेले याच्या अत्याचारांविषयी आहे आणि त्यावरून वितरणाला नकार मिळण्यापर्यंत वेळ आली. अत्याचाराचे वर्णन म्हणजे समर्थन नव्हे, हा बँडचा बचाव मान्य करण्याजोगा आहे. तरीही ते वर्णन श्रोत्याला पीडितांच्या बाजूला नेत नाही, ही उणीव उरतेच.

'मास्टर ऑफ पपेट्स'चे सूत्र अधिक खोल आहे. शीर्षकगीतात व्यसन माणसाला कळसूत्री बाहुलीसारखे नाचवते. पुढे मनोरुग्णालयात कोंडलेला माणूस येतो, मग युद्धात झोकून दिलेला सैनिक, मग पैशासाठी श्रद्धा विकणारा धर्मोपदेशक. दोरी ओढणारा हात दर वेळी बदलतो, परावलंबन तेच राहते. मध्येच 'ओरायन' ही शब्दविरहित रचना येते आणि क्लिफ बर्टनचे बेस वादन श्रोत्याला श्वास घ्यायला उसंत देते. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून बर्टनचा मृत्यू झाला, त्यामुळे तो अल्बम त्या चौघांचा अखेरचा ठरला. ताका उलगडून पाहणाऱ्याला येथे वीण सर्वाधिक घट्ट आणि रंगही सर्वाधिक आढळतात.

तिसरा निकष : ध्वनी

मोठा आवाज आणि जड आवाज यांत फरक असतो. यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज सतत एकाच पातळीवर असतो, म्हणून काही वेळाने कान बधिर होतात आणि त्यात काही वेगळे ऐकू येईनासे होते. संगीतात जडपणा येतो तो चढउतारातून. शांत जागा असेल, तरच आघात जाणवतो.

या दृष्टीने ज्युडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील' (१९८०) अभ्यासण्याजोगा आहे. अल्बमचे नाव ब्रिटनच्या सरकारी पोलाद महामंडळाचे. १९८० च्या जानेवारीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत तेथील कामगारांचा मोठा संप चालला आणि लगोलग हा अल्बम बाजारात आला. गायक रॉब हॅलफर्ड वॉल्सॉलच्या धातू कारखान्यांच्या शेजारी वाढलेला. यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज हवा होता, तेव्हा बँडने काटेचमच्यांनी भरलेला ट्रे हलवून तो मिळवला; काच फुटण्याच्या आवाजासाठी दुधाच्या बाटल्या फोडल्या. संगणकावर साठवलेले आवाज वापरण्याची सोय तेव्हा त्यांच्यापाशी नव्हती. गीते छोटी, गिटारी स्वच्छ आणि प्रत्येक वाद्याला मोकळी जागा. बेकार तरुणाची घुसमट सांगणारे 'ब्रेकिंग द लॉ' अडीच मिनिटांत संपते आणि लक्षात राहते.

उलट उदाहरणे मेटॅलिकाचीच आहेत. 'अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) या अल्बममध्ये रचना बुद्धिमान, पण बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) इतक्या चढ्या पातळीवर तयार केला गेला, की आवाज फाटू लागला. त्यातील गीते एका व्हिडिओ गेममध्येही होती आणि तेथे तीच गीते अधिक मोकळी ऐकू येत असल्याचे चाहत्यांच्या लक्षात आले. हजारो श्रोत्यांनी अल्बम पुन्हा नीट तयार करण्याची मागणी करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. मोबाइलवर जुने अल्बम ऐकणाऱ्या आजच्या श्रोत्यानेही हे ध्यानात ठेवावे. त्याच अल्बमच्या नव्या आवृत्तीत आवाज चढवलेला असू शकतो. तुलना करायची, तर दोन्ही अल्बम समान पातळीवर ऐकावेत. ज्याचा आवाज मोठा, तो चांगला, असे कानाला सहज वाटते आणि तो निव्वळ भास असतो.

चौथा निकष : टिकाव

विक्री हा टिकावाचा पुरावा आहे काय? मेटॅलिकाचा १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक प्रतींनी खपला. अभिजात मेटल अल्बमांपैकी फार थोड्यांना असे यश लाभले. त्याने लाखो नवे श्रोते या संगीताकडे आणले, हे त्याचे श्रेय. पण तो त्या बँडचा सर्वोत्तम अल्बम आहे, असे जुने चाहते क्वचितच म्हणतात. गीते सुटसुटीत झाली आणि आधीची गुंतागुंत मागे पडली. याउलट अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत २०१६ मध्ये ज्या मेटल अल्बमचा प्रथम समावेश केला, तो होता 'मास्टर ऑफ पपेट्स'.

टिकावाचा दुसरा पुरावा म्हणजे परक्या मातीत रुजणे. आयर्न मेडन २००७ मध्ये बंगळुरूला आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले. मेटॅलिका २०११ मध्ये बंगळुरूला आली. पण त्याआधीच येथे स्वतःचे मेटल रचणारे तरुण होते. मुंबईच्या साहिल मखिजाने २००० मध्ये स्थापन केलेल्या 'डेमॉनिक रेझरेक्शन'चा 'दशावतार' हा अल्बम २०१७ मध्ये आला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा रचना, अशी त्याची मांडणी. गोव्याच्या वाचकाला हा क्रम सांगण्याची गरज नाही. येथील देवळांच्या जत्रांत दशावतारी काला पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला आहे. वरील निकष या अल्बमलाही लावता येतात, लावलेच पाहिजेत. कथेचा क्रम आयता मिळाल्यामुळे अखंडता सोपी झाली, म्हणून त्याची पारख अन्य ठिकाणी व्हायला हवी. नरसिंहाचे संगीत वामनापेक्षा वेगळे ऐकू येते का? पात्र बदलताना दशावतारी नट जसा चाल आणि आवाज बदलतो, तसा बदल वाद्यांत होतो का? परदेशी अभिजात अल्बमांना जो प्रश्न विचारायचा, तोच घरच्यांना विचारला, तरच तो न्याय होय. केवळ आपला म्हणून सवलत देणे हा त्या कलावंतांचाच अवमान ठरेल.

निकाल

चारही निकष एकत्र ठेवले, तर चित्र पुरेसे स्पष्ट होते. नवेपणात ब्लॅक सॅबथचे पहिल्या दोन वर्षांतील अल्बम अव्वल आहेत. ध्वनीच्या स्वच्छतेत 'ब्रिटिश स्टील' पुढे आहे आणि हे संगीत प्रथमच ऐकणाऱ्याने तेथूनच आरंभ करावा. काटकसरीत 'रेन इन ब्लड'ला तोड नाही. एकच अल्बम निवडायचा झाल्यास अखंडता, आशय आणि टिकाव या तिन्हींत भक्कम असलेल्या 'मास्टर ऑफ पपेट्स'कडे पारडे झुकते. ध्वनीत तो निर्दोष नाही आणि नवेपणात तो सॅबथचा ऋणी आहे. तरीही बेरीज त्याचीच सर्वांत मोठी भरते. या निकालाशी असहमत होणाऱ्याने कोणता निकष अधिक महत्त्वाचा मानावा, ते सांगावे. मग होणारा वाद दोन्ही बाजूंना काही शिकवून जाईल.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर, म्हणजे ॲस्टनमध्येच, ब्लॅक सॅबथच्या चौघांनी अखेरचे एकत्र वादन केले. त्यांच्या आधी त्याच मंचावर मेटॅलिका आणि स्लेयर यांनी आपापली हजेरी लावली आणि सॅबथची गीते वाजवून ऋण मान्य केले. गायक ओझी ऑस्बर्न खुर्चीत बसून गायला. पुढे अडीच आठवड्यांतच, २२ जुलैला, त्याचे निधन झाले. त्या संध्याकाळी कोणाचा अल्बम थोर, हा वाद मंचावर कोणी काढला नाही. पत्र्याच्या कारखान्यात बोटे गमावलेला आयोमी गिटार घेऊन उभा होता आणि ज्यांचे अल्बम त्याच्या अल्बमांशी तोलले जातात, त्या दोन्ही बँडनी आपला कार्यक्रम त्याच्या आधी संपवला होता.